अक्कलदाढ: दुखण्याचा बेंचमार्क

ऑफिसात वर्षाकाठी दोन-तीन तरी मेल येतातच. "अक्कलदाढ काढायची आहे, गुरुवार-शुक्रवार सुट्टीवर." सोमवारी तो (किंवा ती) गालात लाडू धरल्यासारखा चेहरा घेऊन येतो, कॅन्टीनच्या कोपऱ्यात दहीभात चिवडत बसतो आणि बाकीचे सगळे त्याला घेरून आपापल्या दाढांच्या कहाण्या ऐकवतात. पंचविशी-तिशीतल्या लोकांत गृहकर्जाच्या खालोखाल चालणारा विषय असावा हा.

मुळात नावापासूनच गंमत आहे. अकल हा शब्द अरबी, आणि अरबीतही तिला अकलेचीच दाढ म्हणतात. लॅटिनमध्येही तेच, त्यावरून इंग्रजीत आलं. तुर्की लोक सरळ 'वीस वर्षांचा दात' म्हणून मोकळे होतात. कोरियन भाषेत तो 'प्रेमाचा दात' आहे (ज्या वयात दोन्ही दुखणी होतात, त्या वयावरून म्हणे). आणि जपानीत तिचं नाव आहे 'आईबापांना ठाऊक नसलेली'. पोरं मोठी होऊन घराबाहेर पडल्यावर येणारी दाढ ती. हिंजवडीत पीजीमध्ये राहणाऱ्या कुणालाही हे नाव लगेच पटेल.

पण आजचा विषय नावाचा नाही, दाढ काढल्यानंतरच्या त्या दोन-तीन दिवसांचा आहे. त्या दिवसांना चक्क एक इतिहास आहे. तुमच्या-माझ्या घरात औषधांच्या डब्यात ज्या गोळ्या पडलेल्या असतात, त्यांतल्या कितीतरी गोळ्या 'खरंच काम करतात का' हे ज्या दुखण्यावर तपासलं गेलं, ते दुखणं म्हणजे अक्कलदाढ काढल्यानंतरचं. आपल्या भाषेत सांगायचं तर वेदनाशामकांच्या दुनियेतला हा स्टँडर्ड बेंचमार्क आहे. आणि या बेंचमार्कच्या मागे एक साधा प्रश्न आहे: दुखतंय की नाही, हे ठरवायचं कुणी?

सुरुवात 1844 पासून करू.

अमेरिकेत कनेटिकट राज्यात हार्टफर्ड नावाचं गाव. तिथे होरेस वेल्स नावाचा दातांचा डॉक्टर होता, वय 29. 10 डिसेंबर 1844 ला गावात गार्डनर कोल्टन नावाच्या माणसाचा 'लाफिंग गॅस'चा खेळ लागला होता. म्हणजे प्रेक्षकांतल्या लोकांना नायट्रस ऑक्साइड हुंगवायचा आणि त्यांचा तमाशा बाकीच्यांनी बघायचा. त्या दिवशी सॅम्युअल कूली नावाचा एकजण गॅसच्या तारेत धडपडला, पायाला चांगलंच लागलं, पण त्याला पत्ताच नाही. बाकी लोक हसत होते, वेल्स मात्र त्या पायाकडे बघत होता.

दुसऱ्याच दिवशी, 11 डिसेंबरला, वेल्सने स्वतःची दुखरी अक्कलदाढ काढून घेतली. गॅस दिला कोल्टनने, दाढ उपटली जॉन रिग्ज या त्याच्या सहकाऱ्याने. वेल्सला जवळपास काहीच जाणवलं नाही. भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याच्या इतिहासातला हा एक मोठा दिवस, आणि पेशंट स्वतः डॉक्टर! (हल्ली याला 'ईट युवर ओन डॉगफूड' म्हणतात.)

वेल्स मग जानेवारी 1845 मध्ये बोस्टनला गेला, मेडिकलच्या विद्यार्थ्यांसमोर डेमो द्यायला. आणि लाइव्ह डेमोचं जे होतं तेच झालं. गॅसची पिशवी जरा लवकर बाजूला केली गेली, दात उपटताना पेशंट ओरडला आणि हॉलमध्ये 'हंबग, हंबग' म्हणजे 'भंपक, भंपक' असा गलका झाला. वेल्सने पुढे लिहून ठेवलंय की त्या पेशंटने नंतर सांगितलं, थोडं दुखलं, पण दात काढताना एरवी जेवढं दुखतं तेवढं नाही. पण ते ऐकायला थांबलंय कोण? बघणाऱ्यांनी आरोळीवरून निकाल लावून टाकला होता. ज्याच्या तोंडात चिमटा होता त्याच्या शब्दाला किंमत शून्य.

पुढची गोष्ट दुःखद आहे. वेल्सचाच एकेकाळचा भागीदार विल्यम मॉर्टन याने 16 ऑक्टोबर 1846 ला बोस्टनच्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईथर देऊन डेमो दिला आणि तो यशस्वी झाला. श्रेयावरून भांडणं सुरू झाली. वेल्स क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवर करू लागला, त्यात त्याचं डोकं फिरलं, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बायकांवर ॲसिड फेकल्यावरून तो तुरुंगात गेला आणि 24 जानेवारी 1848 ला तिथेच त्याने मांडीची रक्तवाहिनी कापून जीव दिला. वय अवघं 33. अमेरिकन डेंटल असोसिएशनने त्याला भुलीचा शोधक म्हणून मान दिला तो 1864 मध्ये.

असो. तर दाढ काढतानाचं दुखणं संपण्याच्या वाटेला लागलं. आधी गॅस आणि ईथर, मग 1884 मध्ये कोकेन, 1905 मध्ये नोव्होकेन, आणि 1943 मध्ये स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी बनवलेलं लिडोकेन. म्हणजेच आपलं झायलोकेन. आज डेंटिस्ट हिरडीत सुई खुपसतो तेव्हा बहुतेक वेळा हे किंवा याच्या भाईबंदांपैकीच कुणीतरी असतं. ओठ जाड होतो, जीभ दुसऱ्याची वाटते, आणि हाडात करकर आवाज येत असतानाही दुखत नाही.

पण भूल उतरते हो. दोन-तीन तासांत उतरते. खरी दाढ दुखते ती नंतर.

त्या खड्ड्यात काय चाललेलं असतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दाढ निघाली की जबड्यात उरलेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी होते. ही गुठळी म्हणजे उघड्या हाडावरचं झाकण. तिच्याखाली नवी पेशीजाळी तयार होते, वरून हिरडी जोडली जाते, आणि आत हाड भरायला पुढे काही महिने लागतात. म्हणून पहिला दिवस चूळ खळखळून भरू नका, स्ट्रॉने पिऊ नका, सिगरेट ओढू नका असं बजावतात. ओढ बसली की गुठळी निसटते, हाड उघडं पडतं आणि तीन-चार दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो. याला 'ड्राय सॉकेट' म्हणतात, आणि हे नाव 1896 पासून दंतवैद्यकाच्या लेखांत आहे. सूज तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वात जास्त असते, त्यामुळे 'काल बरं होतं, आज गाल वाढला' म्हणून घाबरायचं कारण नसतं. तिसऱ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढत गेली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास व्हायला लागला, तर मात्र डॉक्टरला फोन करायचा.

दुखण्याचं कारण असं: जखम झाली की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडतात, ती सूज आणतात आणि नसांना हळवं करतात. ॲस्पिरिन नेमकं हेच बनणं थांबवतं, हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं. 1982 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे ॲस्पिरिन बाजारात आल्यावर सत्तरएक वर्षांनी ते काम कसं करतं ते कळलं. (डॉक्युमेंटेशन नंतर लिहू, ही सवय जुनीच आहे.)

आता मूळ प्रश्नाकडे. ताप थर्मामीटरने मोजता येतो, रक्तदाब मोजता येतो. दुखणं कसं मोजणार?

इथे पुन्हा तेच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल येतं, मॉर्टनच्या डेमोनंतर शंभरेक वर्षांनी. तिथला भूलतज्ज्ञ हेन्री बीचर दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर होता. मोठमोठ्या जखमा झालेल्या सैनिकांना तो विचारायचा, दुखतंय का, औषध हवंय का? आणि बरेच जण म्हणायचे, नको. जखम एवढी, पण दुखणं तेवढं नाही. जखमेच्या आकारावरून दुखण्याचा अंदाज बांधता येत नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. 1955 मध्ये त्याने प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या औषधावर, एक गाजलेला लेख लिहिला. मुद्दा असा की नुसत्या 'औषध दिलंय' या समजुतीनेही बऱ्याच लोकांचं दुखणं कमी होतं. तेव्हा खरं औषध तपासायचं तर सोबत खोटी गोळी हवीच, आणि कुठली कोणती हे ना पेशंटला माहीत असावं, ना डॉक्टरला. टेस्टरला कुठला बिल्ड आहे हे कळू द्यायचं नाही, तसंच काहीसं.

पण तपासायचं कुणावर? हॉस्पिटलातले पेशंट म्हणजे कुणाला मधुमेह, कुणाला हृदयविकार, कुणाच्या दहा गोळ्या चालू. डेटा सगळा गढूळ.

उत्तर अक्कलदाढेत सापडलं. 1976 मध्ये स्टीफन कूपर आणि विल्यम बीव्हर यांनी घरी जाणाऱ्या दाढेच्या पेशंटांवर सौम्य वेदनाशामकं कशी तपासावीत याची एक पद्धतच मांडली. विचार करा, बेंचमार्कला लागतं ते सगळं इथे आहे. पेशंट तरुण आणि धडधाकट. शस्त्रक्रिया ठरवून केलेली, साधारण सगळ्यांची सारखी. भूल उतरली की दुखणं ठरल्या वेळी सुरू होणार आणि चांगलं सणकून होणार. काही तास टिकणार आणि काही दिवसांत आपोआप जाणार. शिवाय दाढा चार! एका वेळी डावी बाजू, काही आठवड्यांनी उजवी, म्हणजे त्याच माणसावर दोन औषधांची तुलना.

कारभार साधा होता. भूल उतरून दुखणं मध्यम किंवा जास्त झालं की पेशंटने हातातली गोळी घ्यायची. मग दर तासाला कागदावर खूण करायची: अजिबात नाही, थोडं, मध्यम, खूप. आणि आराम किती पडला तेही. सहन झालं नाही तर दुसरी, खात्रीची गोळी घ्यायची मुभा, आणि ती किती वाजता घेतली हाही डेटाच. यंत्र नाही, रक्ततपासणी नाही. सुजलेला गाल धरून घरी बसलेल्या पोराने किंवा पोरीने पेन्सिलीने लिहिलेला शब्द, तोच पुरावा.

मला या कागदांचं फार अप्रूप वाटतं. 1845 च्या त्या हॉलमध्ये ज्याचं कुणी ऐकलं नाही, त्या पेशंटला 1976 मध्ये शास्त्राने साक्षीदार म्हणून उभं केलं.

आणि साक्षीचा उपयोग झाला. इबुप्रोफेन घ्या. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला बूट्स कंपनीत स्टुअर्ट ॲडम्स आणि जॉन निकल्सन यांनी ते 1961 मध्ये शोधलं, 1969 मध्ये ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळू लागलं, पण संधिवातासाठी. (ॲडम्स साहेबांनी एकदा भाषणाच्या आधी स्वतःच्या हँगओव्हरवर ते घेऊन बघितलं होतं. पुन्हा डॉगफूड!) दाढेच्या चाचण्यांत ते चमकलं. 400 मिलिग्रॅम इबुप्रोफेन हे 60 मिलिग्रॅम कोडीनपेक्षा, म्हणजे अफूच्या घराण्यातल्या औषधापेक्षा, स्पष्टपणे सरस ठरलं. 'जेवढं कडक औषध तेवढा जास्त आराम' हा समज अशा तऱ्हेने पेन्सिलीच्या खुणांनी खोटा पाडला. 2015 मध्ये कोक्रेन या संस्थेने एकेका डोसवर दुखणं किती कमी होतं याच्या साडेचारशेहून जास्त चाचण्यांचा एकत्र हिशोब मांडला. त्यात सुमारे पन्नास हजार माणसं होती, आणि फार मोठा वाटा दाढ काढलेल्यांचा.

गोष्ट इथे थांबली असती तरी चाललं असतं, पण दाढेने अजूनही काही दाखवलं.

1978 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या लोकांना प्लासिबो दिलं. काहींचं दुखणं खरंच कमी झालं. मग त्यांना नालोक्सोन दिलं. हे औषध अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखतं. आणि ज्यांना खोट्या औषधाने आराम पडला होता, त्यांचं दुखणं वाढलं! म्हणजे तो आराम 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावण्यासारखा नव्हता, शरीर स्वतःची अफू तयार करत होतं. तपशिलावर पुढे बरेच वाद झाले, पण प्लासिबोच्या मागे खरं रसायन आहे हे या प्रयोगापासून गांभीर्याने घेतलं जाऊ लागलं.

1985 चा प्रयोग तर याहून भारी. रिचर्ड ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी पुन्हा अक्कलदाढेचेच पेशंट घेतले. सगळ्यांना सांगितलं की तुम्हाला खरं जोरदार औषध मिळेल, किंवा प्लासिबो, किंवा दुखणं वाढवू शकेल असं काही. पण डॉक्टरांना एका टप्प्यात सांगून ठेवलं की सध्या खरं औषध कुणालाच मिळण्याची शक्यता नाही. दुसऱ्या टप्प्यात शक्यता आहे असं सांगितलं. आता दोन्ही टप्प्यांतले फक्त प्लासिबो मिळालेले लोक बघा. ज्यांच्या डॉक्टरला 'खरं औषध असू शकेल' असं वाटत होतं, त्यांचं दुखणं कमी झालं. ज्यांच्या डॉक्टरला आशाच नव्हती, त्यांचं वाढलं. डॉक्टर तोंडाने काही बोलले नव्हते. आवाजातून, नजरेतून, काय कळलं असेल ते पेशंटला कळलं. आपली आजी 'हाताला गुण आहे डॉक्टरच्या' म्हणायची ते आठवलं.

1996 मध्ये लेव्हिन यांच्याच गटाने दाखवलं की वेदनाशामकांचा एक विशिष्ट प्रकार दाढ काढलेल्या बायकांना पुरुषांपेक्षा बराच जास्त उपयोगी पडतो. सगळ्यांची सरासरी काढली की अशा गोष्टी पुसल्या जातात. कुणाला विचारलं आणि कुणाचं वेगळं मोजलं, यावर उत्तर बदलतं.

एवढं सगळं माहीत असताना अमेरिकेत पुढे काय झालं? 1990 च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या वेदनातज्ज्ञांनी 'दुखणं ही पाचवी नाडी माना, प्रत्येक पेशंटला विचारा' अशी मोहीम काढली. हेतू चांगलाच होता. पण त्याच सुमारास, 1996 मध्ये, ऑक्सिकॉन्टिन नावाची अफूच्या घराण्यातली गोळी जोरदार मार्केटिंगसह बाजारात आली. विचारणं हा फॉर्ममधला एक रकाना झाला, आणि रकान्यातल्या आकड्याचं उत्तर म्हणजे चिठ्ठी. दाढ काढलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना, दुखायच्या आधीच, हायड्रोकोडोनच्या गोळ्यांची बाटली हातात. कित्येकांची अफूशी ओळख डेंटिस्टच्या खुर्चीत झाली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 16 ते 25 वयाच्या ज्या मुलांना डेंटिस्टकडून अशा गोळ्या मिळाल्या, त्यांच्यापैकी 5.8 टक्के मुलांच्या नोंदींत वर्षभरात गैरवापराशी संबंधित निदान आलं. न मिळालेल्यांत हे प्रमाण 0.4 टक्के होतं.

आणि मग पुन्हा कोणीतरी नीट विचारलं. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठाच्या पुढाकाराने अठराशेहून जास्त लोकांवर एक चाचणी झाली, निष्कर्ष जानेवारी 2025 मध्ये आले. अक्कलदाढ काढलेल्या निम्म्या लोकांना हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉल, निम्म्यांना इबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक डायरी, पण प्रश्न 1976 चाच: आता किती दुखतंय? पहिल्या दिवशी आणि रात्री, जेव्हा सर्वात जास्त ठणकतं, तेव्हा अफूवाल्यांपेक्षा साध्या गोळीवाल्यांचं दुखणं कमी होतं. झोपही त्यांचीच बरी.

इबुप्रोफेन अधिक पॅरासिटामॉल! कोपऱ्यावरचा केमिस्ट गालातल्या गालात हसत असेल. कारण आपल्याकडे 'काँबिफ्लॅम' नावाने हीच जोडी (डोस थोडा वेगळा) वर्षानुवर्षं घराघरात आहे. पण म्हणून चकटफू डॉक्टरकी करू नका. अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर इबुप्रोफेन धोक्याचं ठरू शकतं, आणि पावसाळ्यात ताप असेल, डेंग्यूची शंका असेल तर ते टाळायचंच. आणि सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, त्यामुळे नकळत डबल डोस होतो.

तेव्हा मंडळी, तुमची पाळी आली की एक करा. औषध कधी घेतलं आणि किती दुखतंय ते मोबाइलमध्ये तासातासाने लिहून ठेवा. नाही, थोडं, मध्यम, खूप. चारच शब्द. डॉक्टरला फोन करायची वेळ आली तर 'खूप दुखतंय हो' यापेक्षा ते चार ओळींचं टिपण जास्त कामाचं असतं. आणि डॉक्टर ऐकून घेत नसेल तर दुसरा शोधा. कारण खोटी गोळी घेऊन सुजल्या गालाने प्रामाणिकपणे खुणा करत बसलेल्या हजारो अनोळखी पोरापोरींनी एक गोष्ट पक्की करून ठेवली आहे: ज्याची दाढ, त्याचाच शब्द शेवटचा.

बाकी दहीभात गार असू द्या, लोणचं आठवडाभर नको.